येणकीवाडीची दुसरी रुद्रम्मा

१

“ही बाई रुद्रम्मा नव्हे.”

सर्कल हिंमतराव एवढंच बोलले, आणि कचेरीच्या त्या लांबट खोलीत पंख्याची घरघर तेवढी ऐकू यायला लागली.

त्र्याऐंशी सालचा मे महिना. तालुक्याच्या निराधार समितीची बैठक भरली होती. टेबलाशी मधोमध समितीचे अध्यक्ष राघवेंद्रराव वकील, शेजारी अर्जांची चौकशी करणारे हिंमतराव आणि पार टोकाच्या खुर्चीवर श्रीपती ओव्हाळ. श्रीपतींनी सारी उमर पोलीस खात्यात काढली होती आणि जमादार होऊन ते पेन्शनीत निघाले होते. मागासवर्गीयांचं एक माणूस समितीवर पाहिजे म्हणून त्यांचं नाव घातलेलं. त्यांनी यावं, चहा घ्यावा, सही करावी, एवढीच त्यांच्याकडून अपेक्षा. आजवर त्यांनी तेवढंच केलंही होतं.

दारात एक बाई उभी होती. साठीच्या पुढची, वाळून काडी झालेली, उजवा हात पदराखाली. नवरा मेलेला, मूलबाळ नाही, हात अधू. निराधारांचा पगार सुरू व्हावा म्हणून ती तीन वर्षं या कचेरीचे उंबरे झिजवत होती. पहिल्यांदा अर्ज गहाळ झाला म्हणाले. दुसऱ्यांदा वयाचा दाखला नाही म्हणून परत पाठवली. तिसऱ्यांदा अर्ज सरळ नामंजूर झाला. तो का झाला हे विचारायला ती आज येणकीवाडीहून आली होती.

“येणकीवाडीच्या रुद्रम्माची चौकशी मी जातीनं केली आहे,” हिंमतराव म्हणाले. “तिला समोर बसवून विचारलं. अंगापिंडानं चांगली, दोन्ही हात धड. दोन मुलं सांभाळतात म्हणाली. म्हणून तर मी नामंजुरीची शिफारस केली. ही बाई दुसरीच कुणीतरी आहे.”

“म्याच रुद्रम्मा,” बाई म्हणाली. तिनं पदराखालचा हात बाहेर काढला. मनगट दबलेलं होतं आणि बोटं आत वळून मिटलेली. “बहात्तरच्या दुष्काळात खडी फोडताना दगडाखाली आला. माझ्याकडं कुणीबी आलं न्हाय, साब. मला कुणी इचारलं न्हाय.”

राघवेंद्ररावांनी चष्मा काढला. “बाई, दुसऱ्याच्या नावावर सरकारी पगार मागणं हा गुन्हा आहे. मला पोलिसांना कळवावं लागेल.”

“साहेब,” टोकाच्या खुर्चीवरून श्रीपती म्हणाले, “ही रुद्रम्मा आहे की नाही हे गावातलं शेंबडं पोरसुद्धा सांगेल. ते मी उद्याच आणून देतो. पण ही खरी असली, तर सर्कलसाहेबांनी बघितली ती कोण?”

हिंमतरावांचा चेहरा उतरला. हा प्रश्न त्यांच्या ध्यानात आला नव्हता असं नाही.

राघवेंद्ररावांनी चष्मा परत चढवला. मग म्हणाले, “सरकारी माणसाचा लेखी अहवाल मला असा फाडता येत नाही, जमादार. ती दुसरी कोण ते दाखवा. मग अहवालही फाडू आणि अर्जही मंजूर करू. पुढच्या बैठकीपर्यंत नाही जमलं, तर प्रकरण पोलिसांत जाईल. मग या बाईचं नशीब आणि हिंमतरावांचं.”

“जमवतो,” श्रीपती म्हणाले.

२

चौकशी त्यांनी हिंमतरावांपासूनच सुरू केली. कचेरीमागच्या लिंबाखाली दोघं उभे राहिले.

“अहवालात तुम्ही लिहिलंय, घरी जाऊन पाहणी केली. घर कसं होतं?”

हिंमतरावांनी आजूबाजूला बघितलं. “जमादार, तुमच्यापासून काय लपवायचं. घरी गेलो नाही. त्या दिवशी चार गावं उरकायची होती. ऊन असं की जीपच्या पत्र्याला हात लावता येईना. आदल्या दिवशी तलाठ्याच्या हाती निरोप धाडला होता, की बाईनं चावडीपुढं हजर राहावं. मी पोचलो तेव्हा गावात चिटपाखरू नव्हतं. सगळे तलावाच्या कामावर. चावडीच्या सावलीत एकटी ती बाई बसलेली.”

“अंगठा घेतला?”

“शाईची गादी उन्हानं वाळून खडंग झाली होती. म्हटलं, नामंजूरच करायचाय, अंगठा कशाला.”

श्रीपतींच्या जिभेवर एक कडक शब्द आला होता. तो त्यांनी गिळला. “दिसायला कशी होती?”

“पदर पार नाकापर्यंत. कपाळ तेवढं दिसलं, मोकळं होतं. विधवाच वाटली. तांब्यातनं मला पाणी दिलं, उजव्या हातानं. म्हणून हात धड असल्याचं पक्कं लक्षात आहे.”

“बोलली काय? शब्द न् शब्द आठवा.”

“मी नाव विचारलं, रुद्रम्मा म्हणाली. नवऱ्याचं नाव विचारलं, बिराप्पा म्हणाली. मुलं किती, तर दोन, सांभाळतात. मग कुटुंबात थोरलं कोण ते विचारलं. म्हणाली, थोरले दीर. त्यांचं नाव विचारलं तर पदर दातात धरून गप्प बसली. दोनदा विचारलं. मग समोरच्या सोसायटीकडं बोट केलं. तिथं पाटीवर चेअरमनचं नाव होतं, महालिंगप्पा. ते मी उतरवून घेतलं. झालं. उठली आणि गेली.”

“पुन्हा दिसली तर ओळखाल?”

“शपथेवर नाही सांगता येणार,” हिंमतराव म्हणाले. “जमादार, माझी नोकरी यात जाईल हो.”

“बाईचा घास जातोय, साहेब. नोकरीचं मागून बघू.”

३

निरोप तलाठ्याच्या हाती गेला होता, तेव्हा दुसरा माणूस तलाठी व्यंकटराव. त्यांच्याकडं पाच गावांचा कारभार होता आणि पाचही गावांचे लोक त्यांना टाळून पुढं जात नव्हते. श्रीपती दारात दिसताच त्यांनी हातातलं पान बाजूला ठेवलं.

“निरोप मी दिला होता. त्या दिवशी माझ्या ऑफिसात येणकीवाडीची दोनच माणसं आली होती. केशरबाई, तिला तिच्या स्वतःच्या अर्जाचा दाखला पाहिजे होता. आणि महालिंगप्पा, सोसायटीच्या कामाला. दोघांनाही सांगितलं, की उद्या सर्कलसाहेब येणार, रुद्रम्माला चावडीवर बसवा.”

“आणि दुसऱ्या दिवशी तुम्ही कुठं होतात?”

“उस्मानाबादला, कलेक्टर ऑफिसात. टंचाईची मीटिंग होती. सगळ्या तलाठ्यांची हजेरी झाली. खुशाल विचारा.”

“बिराप्पाचं रान होतं का काही?”

व्यंकटराव जरा थबकले. “दोघा भावांचं एकत्र होतं. बिराप्पाच्या माघारी सगळं थोरल्याच्या नावावर लागलं. बाईनं कधी हक्क सांगितला नाही.”

“तिला कुणी सांगितलं होतं का, की हक्क आहे म्हणून?”

तलाठ्यांनी पुन्हा पान उचललं आणि त्याला चुना लावायला लागले.

बाहेर आल्यावर श्रीपतींनी मनाशी हिशेब मांडला. साहेब येणार हे तिघांनाच माहीत होतं. तलाठी, केशरबाई आणि महालिंगप्पा. त्या तिघांपैकी कुणी तरी रुद्रम्माला निरोप द्यायचा टाळून तिच्या जागी दुसरी बाई बसवली होती. किंवा स्वतःच जाऊन बसलं होतं.

४

येणकीवाडी फाट्यापासून आत, कर्नाटकाच्या शिवेला लागून. फाट्यावर एसटीतून उतरून श्रीपती चालत निघाले. वाटेवर दोन्ही बाजूंना रानं उघडी पडलेली. बांधावरच्या बाभळींचासुद्धा पाला मेंढरांसाठी झोडून नेलेला. गावात पहिलं घर लागलं ते केशरबाईचंच. दारातल्या खाटेवर बसून ती तांदळातले खडे काढत होती. पांढरं कपाळ, भरलेलं अंग, दोन्ही हात चपळ. हिंमतरावांच्या वर्णनाला अगदी जुळणारी. श्रीपती उभ्या उभ्या तिच्याकडं बघत राहिले.

“बघताय काय जमादार, खाली बसा की,” ती म्हणाली. “म्हायती हाय मला, कशाला आलाव. सगळं गाव म्हणतंय, केशरीनंच घात केला. एका गावाला एकच पगार मिळतो असं कुणी तरी उठवलं, अन् माझा मंजूर झाला, तिचा न्हाय. मग काय, झाली केशरी चोर.”

“रुद्रम्माला निरोप का दिला नाही?”

“महालिंगप्पा संगंच हुता की. म्हणला, केशरबाई, तू कशाला त्या कडंला जातीस उनाची, आमच्या बिराप्पाची बायकू हाय, म्या सांगतो तिला. म्या म्हणलं, बरं. घरचं मानूस हाय.”

“आणि त्या दिवशी तुम्ही कुठं होता?”

“तलावाच्या कामावर पानी पाजायला. मुकादमाला इचारा.” तिनं सूप खाली ठेवलं. “बिराप्पा लई गुनाचा मानूस हुता. त्यो हुता तवर महालिंगप्पाची काय टाप हुती तिला घराभायेर काढायची. मेला, अन् चुली येगळ्या झाल्या. म्या खोटं बोलत असंन तर माझा बी पगार काढून घ्या.”

मुकादमानं मान डोलावली, पण ती तशी पोकळच. दुपारी कोण कामावर होतं आणि कोण सावलीला, हे त्यालाही धड सांगता येईना.

महालिंगप्पांचा वाडा नव्हता, पण गावातलं एकमेव स्लॅबचं घर होतं. फेटा, भारदस्त मिशी, बोलणं लोण्यासारखं. ओट्यावर खुर्ची टाकून त्यांनी श्रीपतींना बसवलं.

“माझ्या धाकट्या भावाची बायको ती. माझ्याच घरातलं माणूस. आता हात अधू झाला, डोस्कं बी तसंच झालंय. एकली राहायची म्हणते. निरोप? म्या गडी धाडला हुता, तिनं ऐकलं न्हाय. अन् ती दुसरी बाई म्हणाल, तर केशरीचं वागणं तुमी बघितलंच असंल.”

आतून त्यांच्या बायकोनं, नीलम्मानं, चहा आणला. “हितं कडंला ठेव,” महालिंगप्पांनी ओट्याच्या कोपऱ्याकडं मान केली. नीलम्मानं कपबशी तिथं ठेवली नाही, श्रीपतींच्या हातात दिली. एक पळ नवरा-बायकोची नजरानजर झाली.

“ह्यांचं बोलणं झालं की जेवूनच जावा,” ती म्हणाली आणि आत वळली.

महालिंगप्पांनी आवाज उतरवला. “जमादार, एक सुचवू? तिला म्हणावं, अर्ज मागं घे. पोलीस-बिलीस कशाला. म्या गावापुढं सांगतो, तिला मी पोसतो. पुढं कारखान्याच्या संचालकाची निवडणूक हाय. महालिंगप्पाच्या भावजयला सरकार जगवतं, असं म्हणायची पाळी आमच्यावर कशाला?”

“पोसता?”

“मनात तर हाय.”

श्रीपतींनी चहा संपवला. कपबशी त्यांनी ओट्यावर न ठेवता आत, उंबऱ्याशी नेऊन दिली.

५

रुद्रम्मा गावाबाहेर, मेंढरांच्या जुन्या वाड्याला लागून असलेल्या छपरात राहत होती. डाव्या हातानं ती एका घमेल्यात पाणी गाळत होती. पाणी थोडं, गाळ जास्त.

“गडी आला होता का निरोप घेऊन?”

“कसला गडी? सणावारीबी कुणी येत न्हाय.”

“ठीक. मी आता कागद नव्यानं लिहून घेतो. साहेबांनी विचारावं तसं विचारतो, तुम्ही सांगा.” श्रीपतींनी पेन काढलं. “नाव?”

“रुद्रम्मा.”

“नवऱ्याचं नाव?”

ती गप्प राहिली.

“मालकाचं नाव सांगा.”

“आता ह्या वयात काय घ्यायला लावताव,” रुद्रम्मा म्हणाली. तिच्या सुकलेल्या चेहऱ्यावर कुठून तरी लाजेची एक छटा आली. “मानूस गेलं म्हणून काय झालं. तुमाला म्हायती हाय की. लिवा तुमीच.”

“बरं. थोरल्या दिराचं?”

“त्यांचं बी कसं घ्यावं? थोरले हाएत. रागाला आले म्हणून काय झालं.”

श्रीपतींचं पेन कागदावर टेकलेलंच राहिलं. बाहेर वाऱ्यानं धुरळा उडाला, छपराचं पाचट खडखडलं. रुद्रम्मानं विचारलं, “काय झालं, दादा?”

“काही नाही, बाई. चावडीवर कोण बसलं होतं ते कळलं.”

ते उठले आणि गावाच्या वेशीकडं निघाले. तिथं पाण्याचा टँकर यायचा होता. घागरींची रांग लागली होती. नीलम्मा रांगेपासून जरा अलग, लिंबाच्या बुडाला उभी होती. श्रीपती तिच्यापासून दोन हात अंतरावर थांबले.

“बाई, मी सरळ बोलतो. चावडीवरच्या बाईनं बिराप्पाचं नाव चटकन घेतलं. थोरल्या दिराचं मात्र दोनदा विचारूनही घेतलं नाही. खरी रुद्रम्मा असती तर तिनं दोन्ही नावं घेतली नसती. एक नवऱ्याचं, एक थोरल्या दिराचं. केशरबाई, नाही तर बाहेरून आणलेली कुणी असती, तर दोन्ही घेतली असती. केशरबाईनं माझ्यापुढं दोन्ही दहा वेळा घेतली. एक नाव खुशाल घ्यायचं आणि दुसरं जिभेवर येऊ द्यायचं नाही, अशी बाई गावात एकच. बिराप्पा जिचा धाकटा दीर आणि महालिंगप्पा जिचा नवरा.”

 नीलम्मानं रिकामी घागर या कमरेवरून त्या कमरेवर घेतली.

“मी तुम्हाला बैठकीत ओढून नेणार नाही,” श्रीपती म्हणाले. “कागदाचा पुरावा माझ्यापाशी नाही. सर्कलसाहेब शपथ घ्यायला तयार नाहीत. तुम्ही नाही म्हणालात, तर रुद्रम्मा तुरुंगात जाईल. एवढं सांगायला आलो.”

टँकर आला. बायका धावल्या. नीलम्माही त्या गर्दीत शिरली.

६

पुढच्या बैठकीला राघवेंद्ररावांनी महालिंगप्पांना घरचे म्हणून बोलावलं होतं. ते जीप करून आले. नीलम्मा मागच्या सीटवर बसून आली आणि खोलीच्या दाराबाहेर जमिनीवर बसली. रुद्रम्मा भिंतीला टेकून उभी. दोघी जावांनी एकमेकींकडं बघितलं नाही.

श्रीपतींनी उभं राहून सारं मांडलं. निरोप कुणाला कळला होता, कुणी कुणापर्यंत पोचू दिला नाही, चावडीवर कोणतं नाव घेतलं गेलं आणि कोणतं गिळलं गेलं. ते सावकाश बोलले, पोलीस ठाण्यात जबाब वाचून दाखवावा तसे.

महालिंगप्पा हसले. “वकीलसाहेब, नाव घेतलं न्हाय म्हणून आता बायकांवर खटले भरायचे का? सर्कलसाहेब, सांगा की. तुमी बघितलेली बाई ही भायेर बसलेली माझी बायकोच का?”

हिंमतरावांनी दाराकडं बघितलं. घाम पुसला. “खात्रीनं नाही सांगता येत.”

राघवेंद्रराव श्रीपतींकडं वळले. “जमादार, तुमचा तर्क बिनतोड आहे. पण तर्कावर मी एका प्रतिष्ठित माणसाला खोटं ठरवू शकत नाही. ती बाई कोण होती हे सांगणारं कुणी आहे?”

श्रीपती रुद्रम्माकडं बघत होते. तिनं डोळे मिटले होते.

“म्या हुते.”

नीलम्मा उंबरा ओलांडून आत आली होती.

“तू भायेर बस,” महालिंगप्पा म्हणाले.

“म्या हुते चावडीवर,” नीलम्मा राघवेंद्ररावांना म्हणाली. “पानी म्याच दिलं. दोन पोरं म्याच सांगितली, माझी हाएत ती.”

“कुणाच्या सांगण्यावरून?”

तिनं पदर दातात धरला, मग सोडला.

“महालिंगप्पाच्या,” ती म्हणाली. उभ्या जन्मात न उच्चारलेला शब्द असा बाहेर पडला, की तिलाच त्याचा आवाज परका वाटला. “माझ्या नवऱ्याच्या. मला म्हणाला, कुंकू पूस, मंगळसूत्र पोलक्यात घाल, अन् रुद्रीच्या नावानं बस. म्या म्हणलं, तुमी जिते असताना कुंकू पुसू? म्हणाला, घटकाभराचं तर हाय. आरशापुढं हुबी ऱ्हाऊन पुसलं म्या. त्या दिसापास्नं जेवताना ह्यांच्याकडं बघवत न्हाय मला. आपल्या हातानं मला रांडव करून धाडलं, कशापायी? तर रुद्रीला निराधार म्हणू ने लोकांनी.”

महालिंगप्पा उठले. आवाजातलं लोणी वितळून गेलं होतं. “म्हणू नेच. आमच्या खानदानात आजवर कुणी निराधार न्हाय झालं. चार तालुक्यांत नाव हाय आमचं. मी नव्हतो का आधार द्यायला?”

“मग द्या की,” श्रीपती म्हणाले. त्यांचा आवाज चढला नाही. “दोनच वाटा आहेत, चेअरमन. ती तुमच्या घरची असेल, तर बिराप्पाचं निम्मं रान तिला द्या. नसेल, तर तिला निराधार म्हणा, सरकार बघेल. तुम्हाला रानही सोडायचं नव्हतं आणि नावही. म्हणून ती बाई छपरात बसून गाळाचं पाणी पीत होती.”

महालिंगप्पांनी फेटा सारखा केला आणि कुणाकडं न बघता ते खोलीबाहेर पडले. थोड्या वेळानं जीप सुरू झाल्याचा आवाज आला.

हिंमतरावांनी न सांगता आपला जुना अहवाल पुढं ओढला, त्यावर आडवी रेघ मारली आणि खाली स्वतःच्या हातानं लिहिलं, की आपण अर्जदार बाईच्या घरी गेलो नव्हतो. राघवेंद्ररावांनी सही केली आणि कागद टेबलावरून टोकापर्यंत सरकवला. “जमादार, यावर तुमचीही पाहिजे.”

श्रीपतींनी आधी वाचलं, मग सही केली.

“रानाचं काय?” त्यांनी विचारलं.

“तो या समितीचा विषय नाही,” राघवेंद्रराव म्हणाले. “पण वारसाचा अर्ज कसा करायचा ते मी बाईंना सांगेन. फी न घेता. तो लागला तर हा पगार बंद होईल, हेही त्यांना सांगा.”

“बंद हुऊ द्या,” भिंतीपासून रुद्रम्मा म्हणाली. “रान आलं तर पगार कशाला पायजे मला?”

दुपारी श्रीपती तिला सोडायला एसटी स्टँडवर आले. नीलम्मा त्यांच्या मागं मागं, चार पावलं अंतर राखून आली होती. जीप निघून गेली होती आणि ती जीपमधून गेली नव्हती. स्टँडच्या पत्र्याखाली जागा असूनही ती बाहेर, उन्हातच थांबली.

“रुद्रे,” ती म्हणाली, “माझं चुकलं. लई चुकलं.”

रुद्रम्मानं तिच्याकडं बघितलं. श्रीपती तिकडं पाठ करून उभे राहिले. हे बोलणं ऐकायचा आपल्याला हक्क नाही असं त्यांना वाटलं, तरी ते कानावर आलंच.

“चुकलंच, अक्का,” रुद्रम्मा म्हणाली. “तीन उन्हाळे काढले म्या त्या छपरात. माफ केलं असं तोंडदेखलं म्हणायची न्हाय. माफीचं मागनं बघू.” मग ती बाकावर सरकली आणि डाव्या हातानं तिनं शेजारची धूळ झाडली. “पर उनात नगं हुबी ऱ्हाऊ. गाडीला येळ हाय.”

नीलम्मा येऊन बसली. श्रीपती माघारी कचेरीकडं निघाले. बैठक अजून संपली नव्हती, आणि नामंजूर झालेली आणखी माणसं तिथल्या व्हरांड्यात बसून होती.